ठिगळ तयार होतं, लावायचं राहिलं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात मे महिना सरत आला की पाड्यापाड्यांतून घरांच्या छपरांवर माणसं चढलेली दिसतात. कुठे फुटकी कौलं बदलली जातात, कुठे कुजलेला पेंढा काढून नवा घातला जातो. या कामाला आपण शाकारणी म्हणतो. त्या वेळी घर पडलेलं नसतं, गळतही नसतं. आभाळ अजून कोरडं असतं. तरीही पोटापाण्याची इतर कामं बाजूला ठेवून माणूस छपरावर चढतो. एकदा पाऊस लागला की मग चढता येत नाही, हे त्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

आजचा माझा विषय संगणकाच्या शाकारणीचा आहे. संगणकातल्या सॉफ्टवेअरला सुरक्षेची जी ठिगळं वेळोवेळी लावावी लागतात, ज्यांना सगळे ‘अपडेट’ किंवा ‘पॅच’ म्हणतात, त्यांचा गेल्या काही दशकांचा इतिहास मी सांगणार आहे. हा इतिहास अमेरिकेत सुरू होतो. पण तो आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरापर्यंत आणि केरळातल्या एका डोंगरी ग्रामपंचायतीपर्यंत येऊन पोचलेला आहे. म्हणूनच तो जव्हार-मोखाड्याचाही आहे.

पॅच म्हणजे शब्दशः ठिगळच. हार्वर्ड विद्यापीठात १९४४ साली मार्क-१ नावाचा प्रचंड गणकयंत्रसंच उभा राहिला. त्याला द्यायच्या आज्ञा कागदाच्या लांब पट्टीवर भोकं पाडून लिहिलेल्या असत. एखादं भोक चुकीच्या जागी पडलं, तर सगळी पट्टी नव्यानं करण्याऐवजी त्या भोकावर कागदाचा तुकडा चिकटवत. पुढे कागदी पट्ट्या गेल्या, पण शब्द राहिला. आजचं ठिगळ म्हणजे सॉफ्टवेअरच्या चुकलेल्या ओळींच्या जागी आलेल्या दुरुस्त ओळी.

सॉफ्टवेअरमध्ये चुका राहतात याचं आश्चर्य वाटायला नको. एखाद्या मोठ्या प्रणालीत कोट्यवधी ओळी असतात आणि त्या माणसांनी लिहिलेल्या असतात. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. काही मात्र अशा असतात की त्यांच्यातून बाहेरचा माणूस आत शिरू शकतो. अमुक रकान्यात इतकीच अक्षरं मावतील असं गृहीत धरलेलं असतं, आणि मावतात का ते तपासायचं राहून गेलेलं असतं. कोणी मुद्दाम जास्त अक्षरं पाठवली की ती शेजारच्या जागेत सांडतात, आणि त्या सांडलेल्या अक्षरांनाच संगणक हुकूम समजून बसतो.

नेमक्या अशाच एका चुकीचा फायदा घेऊन २ नोव्हेंबर १९८८ रोजी पहिला मोठा उत्पात झाला. कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस यानं स्वतःहून पसरत जाणारा एक प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. त्या वेळी सगळ्या इंटरनेटला मिळून सुमारे साठ हजार संगणक जोडलेले होते. त्यांतले अंदाजे सहा हजार त्या एका प्रोग्रामनं ठप्प केले. विद्यापीठांतल्या तज्ज्ञांनी रात्रभर जागून ठिगळं तयार केली. पण ती इतरांपर्यंत पोचवायची कशी? पोचवायचा रस्ता म्हणजे ते इंटरनेटच, आणि अनेकांनी भीतीपोटी आपले संगणक त्याच्यापासून तोडून टाकले होते. या अनुभवातून त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात धोक्याच्या सूचना देणारं पहिलं समन्वय केंद्र निघालं. तशाच धर्तीवर भारताचं ‘सर्ट-इन’ जानेवारी २००४ मध्ये सुरू झालं.

१९८८ साली आधी रोग आला आणि मग औषध शोधलं गेलं. त्यानंतरचा इतिहास मात्र वेगळा आहे, आणि माझ्या मते तोच अधिक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

जुलै २००१ मध्ये ‘कोड रेड’ नावाच्या प्रोग्रामनं चौदा तासांच्या आत साडेतीन लाखांहून अधिक संगणकांत शिरकाव केला. ज्या भोकातून तो शिरला, त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टनं १८ जूनलाच, म्हणजे महिनाभर आधी दिलेलं होतं. २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ आला. त्यानं जगातले बहुतेक उघडे संगणक दहा मिनिटांत गाठले. दक्षिण कोरियाचं इंटरनेट कोलमडलं, अमेरिकेतल्या एका बड्या बँकेची हजारो एटीएम बंद पडली. त्याचं ठिगळ सहा महिन्यांपूर्वी, जुलै २००२ मध्येच आलेलं होतं. गंमत म्हणजे ज्या मायक्रोसॉफ्टनं ते दिलं, तिच्या स्वतःच्याही काही संगणकांवर ते लावायचं राहिलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ब्लास्टर’ आला. त्याचं ठिगळ १६ जुलैला निघालं होतं. म्हणजे मध्ये जेमतेम २६ दिवस.

या तिन्ही प्रसंगांत ठिगळ तयार होतं, लावायचं राहिलं होतं.

इथे एक कोडं आहे. ठिगळ जाहीर झालं की धोका कमी व्हायला हवा. प्रत्यक्षात ज्यानं ते लावलेलं नाही, त्याचा धोका त्या दिवसापासून वाढतो. कारण ठिगळ कुठे लावलं यावरून भोक कुठे होतं ते कळतं. जुनी आणि दुरुस्त आवृत्ती शेजारी ठेवून फरक पाहिला की हल्लेखोराला आयता नकाशा मिळतो. ब्लास्टरच्या वेळी असंच झालं. म्हणून प्रत्येक ठिगळाबरोबर एक शर्यत सुरू होते. एका बाजूला ते लावणारे, दुसऱ्या बाजूला नकाशा वाचणारे.

ठिगळं पूर्वी तयार होतील तेव्हा, कोणत्याही दिवशी येत. कार्यालयांची तारांबळ उडे. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टनं दर महिन्याचा दुसरा मंगळवार त्यासाठी ठरवून टाकला. म्हणजे शाकारणीला एक मुहूर्त मिळाला. शेतकऱ्याला मृगाची तारीख ठाऊक असते, तशी संगणक सांभाळणाऱ्यांना ही तारीख ठाऊक झाली.

पण मुहूर्त ठरला म्हणून सगळ्यांची छपरं शाकारली जातात असं नाही. १२ मे २०१७ या शुक्रवारी ‘वॉनाक्राय’ नावाचा प्रोग्राम जगभर पसरला. तो संगणकातल्या फाइली कुलूपबंद करी आणि किल्लीसाठी खंडणी मागे. ज्या भोकातून तो शिरला, ते अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला आधीपासून माहीत होतं. तिनं ते स्वतःच्या हेरगिरीसाठी जपून ठेवलं होतं आणि तिचं हत्यार चोरीला गेलं होतं. मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच ठिगळ दिलेलं होतं. त्या दिवसापासून वॉनाक्रायपर्यंत मध्ये ५९ दिवस होते. तरीही सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांवर संगणक बळी पडले. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया आणि तपासण्या रद्द झाल्या. त्यांच्या लेखापरीक्षकांच्या अहवालानुसार रद्द झालेल्या भेटींची संख्या सुमारे १९ हजार असावी.

त्या वेळी आपल्याकडे एक समज पसरला, की ही सगळी कालबाह्य विंडोज एक्सपीची कृपा. एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी संपला होता, हे खरं. पण कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीनं केलेल्या पाहणीत तिला आढळलेल्या बळींपैकी जवळजवळ ९८ टक्के संगणकांवर विंडोज सात होती. विंडोज सातला तर ठिगळ मिळालेलं होतं. म्हणजे दोष यंत्राच्या म्हातारपणाचा कमी आणि राहून गेलेल्या कामाचा जास्त.

भारतात याचा फटका कुठे बसला? आंध्र प्रदेशातल्या काही पोलीस ठाण्यांना बसला, पश्चिम बंगालच्या वीज कार्यालयांना बसला. आणि केरळातल्या वायनाड जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या काही संगणकांनाही बसला. वायनाड म्हणजे घाटमाथ्यावरचा, धो धो पावसाचा, आदिवासींची मोठी वस्ती असलेला जिल्हा. आपल्या जव्हार-मोखाड्याचा दूरचा भाऊच म्हणा ना. ‘आमच्या आडवळणाच्या गावात कोण कशाला येतंय’ हे म्हणणं त्या दिवशी संपलं. असा प्रोग्राम गाव पाहत नाही, जात-पात पाहत नाही, श्रीमंती पाहत नाही. तो फक्त उघडं दार पाहतो.

दीड महिन्यातच महाराष्ट्राची पाळी आली. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा त्याहून भयंकर प्रोग्राम सुटला. त्याचं मूळ लक्ष्य युक्रेन होतं. पण तो तिथल्या कार्यालयांतून मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात शिरला. उरण तालुक्यातल्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक टर्मिनल याच समूहाच्या ताब्यात होतं. तिथली संगणकव्यवस्था बंद पडली. कोणता कंटेनर कुठे ठेवलाय, कोणत्या ट्रकला द्यायचाय, हे सांगणारं कोणी उरलं नाही. कामगारांना कागद-पेन्सिल घेऊन कामाला लागावं लागलं आणि बाहेर मालाची कोंडी झाली.

मर्स्कला आपले सुमारे ४५ हजार संगणक आणि चार हजार सर्व्हर दहा दिवसांत नव्यानं उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं. यातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. कंपनीच्या जाळ्यातल्या सगळ्या संगणकांची आणि वापरणाऱ्यांची ओळख ज्यावर नोंदलेली असते, ते सर्व्हर जगभर विखुरलेले होते आणि एकजात पुसले गेले होते. एकच वाचला होता, आफ्रिकेतल्या घाना देशात. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! भारनियमनाला आपण किती शिव्या दिल्या असतील. घानात त्यानं एका महाकाय कंपनीचा जीव वाचवला. पण दैवावर कारभार चालत नाही. आज पालघर जिल्ह्यातच वाढवणला बंदराची पायाभरणी झालेली आहे, ३० ऑगस्ट २०२४ रोजी. तेव्हा न्हावाशेव्याची ही गोष्ट आपल्या जिल्ह्यानं परकी समजू नये.

आता जव्हार आणि मोखाड्याकडे येऊ. जव्हार हे मुकण्यांचं जुनं संस्थान. १९४८ साली ते विलीन झालं आणि ठाणे जिल्ह्यात गेलं. १ ऑगस्ट २०१४ पासून जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके नव्या पालघर जिल्ह्यात आले. या साऱ्या काळात कागद मात्र वाढतच गेले. जमिनीचा सातबारा, जातीचा दाखला, रेशनकार्ड, वनहक्काचा दावा, रोजगार हमीची मजुरी. आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हे कागद एकेक करून संगणकात शिरले.

संगणक प्रशिक्षणाच्या निमित्तानं मी काही वर्षं या भागात जात होतो. एका कार्यालयात संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात अपडेटची सूचना बरेच दिवस तशीच लटकलेली दिसली. मी तिथल्या मुलाला विचारलं, हे लावत का नाही? तो म्हणाला, “सर, मध्येच सुरू झालं की तासभर काही करता येत नाही. बाहेर माणसं उभी असतात. आणि लाइट गेली तर अर्ध्यातच अडकतं.” त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. त्यानं रांगेतल्या माणसाचा विचार केला होता.

खरं तर ठिगळ न लागण्याची कारणं या पट्ट्यात वर्षानुवर्षं साचत आली. पहिलं कारण विजेचं आणि तारेचं. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीसाठी मोठं दुरुस्तीपर्व आलं, ‘सर्व्हिस पॅक दोन’. त्याची पूर्ण फाइल साधारण २६६ एमबीची होती. टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट कागदावरच्या पूर्ण वेगानं चाललं असतं, तरी ती उतरवायला दहा तासांहून अधिक लागले असते. आणि त्या काळात ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे कित्येक तास भारनियमन असे. हिशेब तुम्हीच करा.

दुसरं कारण नकली प्रतींचं. दुकानदारानं फुकटात टाकून दिलेली विंडोज अपडेट केली की बिंग फुटेल, या भीतीनं अपडेट कायमचं बंद ठेवण्याची रीत गावोगावी होती. तिसरं कारण अगदी आपलं, मराठी. युनिकोड रुळण्याआधी आपण वेगवेगळ्या कंपन्यांचे मराठी फाँट वापरत होतो. प्रत्येकाचा कीबोर्ड वेगळा, सॉफ्टवेअर वेगळं. त्यांत टंकलेल्या जुन्या फाइली उघडायच्या तर जुनीच यंत्रणा जपावी लागे. नवी विंडोज टाकली की अक्षरांचा काला! मग कोण कशाला हात लावील?

चौथं कारण मला सगळ्यांत मोठं वाटतं. हे काम कोणाचं, हे ठरलेलंच नसतं. संगणक खरेदीसाठी तरतूद असते, उद्घाटनाला नारळ असतो. बंद पडलेला संगणक चालू करायला जिल्ह्याच्या गावाहून माणूस येतो. पण चालू असलेल्या संगणकाची काळजी घेणं हे कोणाच्याच कामाच्या यादीत नसतं. आपल्याकडे दुरुस्ती म्हणजे मोडलेलं नीट करणं. ठिगळाचं काम मोडण्याच्या आधीचं आहे. आणि ते नीट झालं तर काहीच घडत नाही. ज्या कामातून काहीच घडत नाही, त्याचं श्रेय कोण देणार?

पुष्कळांना वाटतं, आपल्याकडे अँटिव्हायरस आहे, मग झालं. नव्वदच्या दशकात पुण्यात काटकर बंधूंनी ‘क्विक हील’ उभं केलं आणि ते मराठी घरांत-दुकानांत पोचलं, हे कौतुकाचंच. पण अँटिव्हायरस म्हणजे चोराचा चेहरा ओळखणारा रखवालदार. ठिगळ म्हणजे भिंतीतलं भगदाड बुजवणं. ओळखीचा चोर रखवालदार अडवील. नवा चोर भगदाडातून आत येईल. दोन्ही लागतात, एकानं दुसऱ्याचं काम होत नाही.

आता उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. ठिगळावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असंही इतिहास सांगत नाही. नॉटपेट्या युक्रेनमध्ये शिरला तो हिशेबाच्या एका प्रचलित सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. हल्लेखोरांनी ती वाटच ताब्यात घेतली होती. आत शिरल्यावर तो चोरलेल्या पासवर्डांच्या जोरावर ठिगळ लावलेल्या संगणकांतही पसरू शकत होता. १९ जुलै २०२४ रोजी तर हल्लेखोर कोणीच नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं पाठवलेल्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे केले. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

म्हणून अपडेट बंदच ठेवावं का? मुळीच नाही. एखाद्या वर्षी नवं कौल कच्चं निघालं म्हणून कोणी शाकारणी सोडत नाही. मोठ्या संस्था काय करतात, तर आधी एक-दोन संगणकांवर ठिगळ लावून पाहतात, ठीक चाललं की उरलेल्यांवर लावतात. आणि त्याआधी महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत वेगळी काढून, संगणकापासून तोडून ठेवतात. घानाच्या त्या सर्व्हरचा खरा धडा हाच. जे दैवानं एकदा केलं, ते आपण ठरवून दर आठवड्याला करायचं. रिझर्व्ह बँकेनं जून २०१८ मध्ये बँकांना असंच बांधून घेतलं. कालबाह्य प्रणालीवर चालणारी सगळी एटीएम टप्प्याटप्प्यानं जून २०१९ पर्यंत बदला, असं परिपत्रक काढलं. तारीख ठरली, जबाबदार कोण तेही ठरलं. तहसील आणि पंचायतीच्या संगणकांनाही असंच काहीतरी हवं आहे.

हे मी एवढ्या आग्रहानं का सांगतो? मुंबईत एका कार्यालयाचा संगणक अडला तर माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो, फार तर चरफडतो. खोडाळ्याकडच्या एखाद्या पाड्यावरचा माणूस दाखल्यासाठी मोखाड्याला येतो, तेव्हा तो एका दिवसाची मजुरी बुडवून आणि एसटीचं भाडं खर्चून येतो. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायच्या आत त्याला तो कागद हवा असतो. ‘संगणक बंद आहे, पुढच्या आठवड्यात या’ या वाक्याची किंमत त्याला रोख पैशात मोजावी लागते. आणि नोंदच पुसली गेली, तर ती नोंद आपली होती हे सिद्ध करण्याचं ओझंही बहुधा त्याच्याच डोक्यावर येतं. ज्याच्या हाती दुसरी प्रत नसते, त्यालाच पहिली प्रत सांभाळली जाण्याची सर्वांत जास्त गरज असते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज दहाचा नियमित पाठिंबाही संपला. मुदतवाढीची सोय आहे, पण ती आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. म्हणजे एक्सपीच्या वेळची परीक्षा पुन्हा आलेली आहे. तेव्हा तुमच्या ग्रामपंचायतीत, शाळेत, पतपेढीत, सोसायटीत संगणक असेल तर तीन प्रश्न जरूर विचारा. यावर कोणती प्रणाली आहे आणि तिला अजून ठिगळं मिळतात का? ती लावण्याचं काम कोणाच्या नावावर आहे आणि महिन्यातला कोणता दिवस त्यासाठी ठरलाय? नोंदींची वेगळी प्रत कुठे आहे? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही तर तिथून सुरुवात करा. दुसऱ्याला उत्तर आलं नाही तर येत्या ग्रामसभेत विषय घ्या आणि एका माणसाचं नाव लिहून घ्या.